एका किलोकॅलरीचा पाठलाग

टी-४ नावाचा एक विषाणू आहे. माणसाच्या वाटेला तो जात नाही, ई. कोलाय जिवाणूंवर त्याची गुजराण चालते. काम झाल्यावर जिवाणूची भिंत आतून फोडून बाहेर पडायला तो लायसोझाइम नावाचं प्रथिन वापरतो. १६४ अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःभोवती गुंडाळून घट्ट गोळा होऊन बसलेली असते. अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठात ब्रायन मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीत ९९ व्या जागेवरचं ल्युसीन काढलं आणि तिथे अंगाने लहान असं ॲलनीन बसवलं. प्रथिनाची ठेवण जवळपास होती तशीच राहिली, फक्त त्याच्या पोटात एक पोकळी तयार झाली. १९९२ साली त्यांनी दाखवून दिलं की या पोकळीत बेंझीनचा एक रेणू नेमका जाऊन बसतो.

गंमत म्हणजे या पोकळीला दार नाही. प्रथिनाच्या स्फटिकाचं चित्र कुठूनही निरखा, बेंझीन शिरेल एवढी फट सापडत नाही. पण प्रथिन म्हणजे काही दगड नव्हे. ते सतत थरथरत असतं, क्षणभर कुठेतरी सैल पडतं, आणि तेवढ्यात बेंझीन आत सरकतो. किती घट्ट बसतो तेही मोजून झालं आहे: मोलमागे साधारण ५.२ किलोकॅलरी. हा आकडा परीक्षानळीला हात न लावता, निव्वळ संगणकावर काढता येईल का? दिसायला अगदी साधा प्रश्न. या एका पोकळीवर संगणकी रसायनशास्त्राच्या एका अख्ख्या शाखेने आपली हत्यारं परजली आहेत.

हा जो ५.२ चा आकडा, ती मुक्त ऊर्जा. दोन रेणू एकमेकांना किती ओढतात, हा तिचा एक भाग झाला. दुसरा भाग मोकळिकीचा. पाण्यात असताना बेंझीन कुठेही भटकू शकतो, कसाही फिरू शकतो. पोकळीत गेला की त्याचं फिरणं आखडतं. उलट त्याच्याभोवती अंग चोरून उभे असलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात. ओढ आणि मोकळीक यांची ही वजाबाकी-बेरीज होऊन जे हाती उरतं, त्यावर रेणू चिकटणार की सुटणार हे ठरतं.

इथेच एक विलक्षण अडचण येते. रेणूंचं एखादं क्षणचित्र समोर ठेवलं, प्रत्येक अणू कुठे आहे ते सांगितलं, तर त्या चित्राची ऊर्जा संगणक चुटकीसरशी काढून देतो. मुक्त ऊर्जा मात्र कुठल्याही एका चित्रात लिहिलेली नसते. ती सगळ्या शक्य चित्रांची मिळून असते: जी घडली त्यांची, आणि जी घडू शकली असती पण अजून घडली नाहीत त्यांचीही. चित्रं किती? मोजायच्या पलीकडची. त्यातली मूठभर पाहायची आणि साऱ्यांबद्दल बोलायचं, असा हा व्यवहार आहे.

आता आकड्यांची गुर्मी बघा. खोलीच्या तापमानाला मुक्त ऊर्जेत १.३६ किलोकॅलरीचा फरक पडला की चिकटण्याचं प्रमाण दसपट बदलतं. म्हणजे हिशेब दीड किलोकॅलरीने चुकला तर जे औषध चिमूटभर पुरलं असतं त्याला आपण मूठभर लागेल म्हणून बाद करून बसू. म्हणून या क्षेत्रातल्या लोकांना निदान एका किलोकॅलरीच्या आत यायचं असतं, जमल्यास अर्ध्याच्या. आणि हे शोधायचं कशात? संगणकातल्या पेटीत एक प्रथिन आणि त्याच्याभोवती, समजा, पाण्याचे सोळा हजार रेणू आहेत. प्रत्येक रेणूमागे साधारण उणे १० किलोकॅलरी धरली तर पेटीतली ऊर्जा होते उणे १ लाख ६० हजार. शिवाय ती स्थिर नाही. उष्णतेच्या हेलकाव्यांनी ती क्षणोक्षणी २०० किलोकॅलरीच्या आसपास खालीवर होत राहते. या गदारोळात आपल्याला एका किलोकॅलरीचा फरक ऐकायचा आहे.

सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर रेणूंना चालवून बघणं, चालतं तरी कसं, ते थोडक्यात. प्रत्येक अणूवर किती बल लागतंय ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे ढकलायचं, पुन्हा बलं काढायची. जन्माने हैदराबादचे असलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनचे ८६४ अणू असे चालवून दाखवले, तेव्हापासून ही विद्या द्रवपदार्थांना लागू झाली. आज प्रथिनांसाठी एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं. त्याहून फार मोठं टाकता येत नाही, कारण हायड्रोजनचे बंध तेवढ्यात थरथरून जातात. एका मायक्रोसेकंदाचं आयुष्य जगवायचं तर ५० कोटी पावलं. आणि बेंझीन त्या बिनदाराच्या पोकळीत आपणहून शिरण्याची, मग बाहेर येण्याची, मग पुन्हा शिरण्याची वाट पाहत बसलो, तर तेवढ्या पावलांतही मोजदाद होईलच याची शाश्वती नाही.

मग वाट पाहायचीच कशाला?

भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरची आख्यायिका आपल्याकडे ठाऊक आहे. मुरार जगदेवाला हत्तीची तुला करायची होती, पण हत्ती मावेल असा तराजू आणायचा कुठून? शहाजीराजांनी हत्ती नावेत चढवला, पाणी कुठवर चढलं तिथे खूण केली, हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नावेत दगड भरले आणि मग दगड थोडे थोडे करून तोलले. मुक्त ऊर्जेचा स्वभाव अगदी या खुणेसारखा आहे. निघालो कुठून आणि पोचलो कुठे, एवढंच ती पाहते. वाटेत काय केलं याची चौकशी करत नाही. म्हणजे वाट आपल्या सोयीची घ्यायला मुभा आहे. ती निसर्गात शक्य असलीच पाहिजे असंही नाही.

ही मुभा पहिल्यांदा पुरती वसूल केली जॉन कर्कवुड यांनी, १९३५ साली, कागदावर. त्यांनी एक काल्पनिक कळ मानली. ती शून्यावर असली की एक रेणू आजूबाजूच्यांना दिसतच नाही. एकावर आली की तो पूर्णपणे हजर. मधल्या प्रत्येक आकड्याला रेणू थोडा आहे, थोडा नाही. या कळीला आज सगळे लॅम्डा म्हणतात. कळ हळूहळू फिरवत न्यायची, दर टप्प्याला किती जोर लागला ते नोंदवायचं, सगळ्याची बेरीज म्हणजे मुक्त ऊर्जा. १९५४ मध्ये रॉबर्ट झ्वान्झिग यांनी आणखी आखूड रस्ता दिला: फक्त पहिल्या अवस्थेची चित्रं घ्या, आणि प्रत्येक चित्राला विचारा, ‘तू दुसऱ्या अवस्थेत असतास तर तुझी ऊर्जा किती बदलली असती?’ उत्तरांची एक विशिष्ट घातांकी सरासरी काढली की झालं. सूत्र काटेकोरपणे खरं आहे. त्यात कुठेही अंदाजपंचे नाही.

खरं आहे, पण फसवं. घातांकी सरासरीत सगळ्या चित्रांना समान मान नसतो. ज्या चित्रांत दुसरी अवस्था स्वस्तात पडते, तीच भाव खाऊन जातात, आणि नेमकी तीच दुर्मिळ असतात. आकड्यांनी बघू. उष्णतेची स्वाभाविक चिल्लर म्हणजे खोलीच्या तापमानाला ०.६ किलोकॅलरी. समजा, दोन अवस्थांमधल्या ऊर्जाफरकाचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, या चिल्लरीच्या चौपट आहे आणि वाटप घंटेच्या आकाराचं आहे. मग उत्तराचं निम्मं वजन सरासरीपासून चार विचलनं दूर, टोकाला असलेल्या चित्रांवर पडतं. अशी चित्रं ३० हजारांत एखादं. तुम्ही दहा हजार चित्रं गोळा केलीत तर बहुधा एकही हाती लागणार नाही, आणि उत्तर मात्र छान गुळगुळीत येईल. चुकीचं, पण गुळगुळीत.

आता तोच प्रवास मधोमध तोडा. अर्ध्या अंतराला पसारा अर्धा होतो, आणि कामाची चित्रं ४४ मध्ये एक अशी मिळू लागतात. दोन टप्पे करावे लागले खरे, पण ३० हजारांत एकवरून ४४ मध्ये एकवर आलो. दगड थोडे थोडे तोलण्याचा फायदा तो हा. म्हणून आज एकेका गणिताला दहा-वीस टप्पे पाडतात. संशोधक त्यांना विंडो म्हणतात.

कागदावरची ही किमया प्रत्यक्षात उतरली ती १९८० च्या दशकात. ह्यूस्टनमध्ये जे. अँड्रू मॅकॅमन यांच्याबरोबर काम करताना बी. एल. टेंबे यांनी १९८४ मध्ये अवघ्या काही पानांचा एक निबंध लिहिला. पवईच्या आयआयटीत दीर्घकाळ रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक टेंबे ते हेच. कल्पना अशी: दोन औषधांपैकी कुठलं प्रथिनाला जास्त घट्ट बसेल हे हवं असेल, तर दोघांना प्रथिनात घालायच्या-काढायच्या भानगडीत पडूच नका. पहिल्या औषधाचं दुसऱ्यात रूपांतर करा, एकदा प्रथिनाच्या पोटात आणि एकदा नुसत्या पाण्यात. दोन्हींची वजाबाकी हेच उत्तर. औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांवर आज जी सापेक्ष गणितं रात्रंदिवस चालतात, त्यांच्या मुळाशी हेच चक्र आहे. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याची मला चुटपुट लागते.

पुढच्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठात विल्यम जॉर्गेन्सन आणि सी. रविमोहन यांनी पाण्यात बुडालेल्या मिथेनॉलचं ईथेन करून दाखवलं. ऑक्सिजनच्या जागी हळूहळू मिथाइल गट उगवत गेला, त्याला लटकलेला हायड्रोजन विरत गेला. पाण्यात राहण्याच्या खर्चातला फरक आला ६.७५ किलोकॅलरी, अधिक-उणे ०.२. प्रयोग सांगत होता ६.९३. कुठल्याही भट्टीत कधी न झालेलं, होऊही न शकणारं रूपांतर, आणि त्यातून निघालेला आकडा प्रयोगाच्या इतका जवळ! आजही तो आकडा बघून मला नवल वाटतं.

अचूकतेतली सर्वांत देखणी उडी मात्र याआधीच, १९७६ मध्ये, पडून गेली होती. चार्ल्स बेनेट यांचं नाव आज लोक क्वांटम कूटलिपीसाठी घेतात. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. दाटीवाटीच्या पाण्यात नवा रेणू घुसवून बघितला तर जवळजवळ प्रत्येक वेळी तो कुणावर तरी आदळतो. म्हणून एका बाजूने विचारलं की उत्तर एकीकडे झुकतं. उलट, आधीपासून असलेला रेणू काढून बघितला तर त्याच्या आकाराचं भोक तसंच उरलेलं दिसतं; म्हणून दुसऱ्या बाजूने उत्तर विरुद्ध दिशेला झुकतं. बेनेट म्हणाले, दोघांनाही विचारा. पहिल्या अवस्थेच्या चित्रांना दुसरीबद्दल आणि दुसरीच्या चित्रांना पहिलीबद्दल. मग जिथे दोन्ही अवस्था एकमेकींना ओळखतात, त्या सामाईक चित्रांना सर्वाधिक मान द्या. किती मान द्यावा याचं सूत्रही त्यांनी सिद्ध करून दिलं, आणि हाती असलेल्या चित्रांतून सर्वांत कमी डगमगणारं उत्तर त्याच सूत्राने मिळतं. मशीन तेच, चित्रं तेवढीच, आणि अनिश्चितता मात्र झटक्यात खाली. २००८ मध्ये मायकेल शर्ट्स आणि जॉन चोडेरा यांनी हीच रीत साऱ्या विंडोंना एकदम लावली. आता प्रत्येक विंडोतलं प्रत्येक चित्र इतर सगळ्या विंडोंच्या उत्तराला हातभार लावतं. एक चित्र वाया जात नाही.

मध्ये आणखी एक अचंबा घडला. १९९७ साली क्रिस्तोफर यार्झिन्स्की यांनी दाखवलं की रेणूला हळूवारपणे न्यायचीही गरज नाही. धसमुसळेपणाने, वाटेल त्या वेगाने ओढा, दर वेळी किती काम करावं लागलं ते लिहून ठेवा. त्या कामांची घातांकी सरासरी घेतली की शांत, संथ प्रवासाची मुक्त ऊर्जा जशीच्या तशी निघते. २००२ मध्ये आरएनएचा एक-एक रेणू चिमटीत धरून ताणत हे प्रयोगानेही पडताळलं गेलं. अर्थात दुर्मिळ चित्रांचं दुखणं इथेही पिच्छा सोडत नाही. त्यावर गॅव्हिन क्रूक्स यांचं १९९९ मधलं, दोन्ही दिशांचा हिशेब जोडणारं समीकरण कामी येतं. २००३ मध्ये त्या समीकरणावरून सर्वांत संभाव्य उत्तर कोणतं ते काढत गेले, तर समोर उभं राहिलं बेनेट यांचं जुनंच सूत्र!

कारागिरीचे बारकावेही तितकेच मजेशीर आहेत. रेणू नाहीसा करताना त्याचा विद्युतभार आणि त्याचा आकार एकदम काढून चालत नाही. आकार आधी गेला आणि भार मागे राहिला, तर पाण्यातला विरुद्ध भाराचा हायड्रोजन थेट त्याच्या डोक्यावर येऊन बसतो आणि ऊर्जा पाताळात जाते. म्हणून बऱ्याच गणितांत आधी भार उतरवतात, मग देह. देह उतरवतानाही शेवटचा टप्पा घातक. लॅम्डा शून्याच्या अगदी जवळ आला, अणू नावापुरताच उरला, तरी त्याच्या केंद्रावर कुणी पाऊल ठेवलं की ऊर्जा अनंत होते, कारण अंतर शून्य झाल्यावर जोर कितीही क्षीण केला तरी उपयोग नसतो. यावरचा तोडगा १९९४ मध्ये निघाला: विरत चाललेल्या अणूचा गाभाच मऊ करायचा, जेणेकरून दुसरे अणू त्याच्या आरपार जाऊ शकतील. उत्तर बदलत नाही, कारण दोन्ही टोकांना सगळं जिथल्या तिथे असतं. फक्त वाट मऊ झाली.

हे सगळं करूनही दगा होतो, आणि तो कसा होतो ते बघायला पुन्हा त्या बिनदाराच्या पोकळीत शिरावं लागेल. तिच्या काठावर १११ व्या जागेवर व्हॅलीन आहे. बेंझीन आला तर या व्हॅलीनची बाजूची शाखा आहे तशीच राहते. पण बेंझीनला समोरासमोर दोन मिथाइल गट जोडलेला पॅरा-झायलीन आला, की जागा करून द्यायला तिला कूस बदलावी लागते. एवढंसं वळण, पण मध्ये ऊर्जेचा चढ आहे, आणि थोड्या नॅनोसेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये शाखा तो चढ बहुधा ओलांडत नाही. परिणाम असा की गणित कुठल्या ठेवणीपासून सुरू केलं यावर उत्तर ठरायचं. आणि खेदाची बाब म्हणजे दोन्ही उत्तरांपुढचं अधिक-उणे अगदी लहान यायचं, कारण जे कधी घडलंच नाही त्याची धास्ती आकडेशास्त्राला वाटणार कशी? डेव्हिड मोब्ली, चोडेरा आणि केन डिल यांनी २००७ मध्ये या एका शाखेच्या वळण्याचा खर्च वेगळा मोजून हिशेबात घातला, तेव्हा गणित ताळ्यावर आलं. दुसरा उपाय म्हणजे निरनिराळ्या विंडोंतल्या सिम्युलेशनना अधूनमधून लॅम्डाची अदलाबदल करू देणं. रेणू अर्धवट विरलेला असताना शाखेला वळायला वाव मिळतो, आणि तशी वळलेली ती पुन्हा भरल्या पोकळीत परतते.

अधिक-उणेच्या आकड्यावर म्हणूनच मी सहजी विश्वास ठेवत नाही. सलग घेतलेली लाखभर चित्रं म्हणजे लाखभर साक्षीदार नव्हेत. लागोपाठची चित्रं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. खरे स्वतंत्र साक्षीदार त्यातले काही शेच असू शकतात. अनिश्चितता निम्मी करायला स्वतंत्र चित्रं चौपट लागतात, दहावा हिस्सा करायला शंभरपट. त्यात अणूंची गती बेबंद: सुरुवातीच्या वेगात केसाएवढा फरक असला तरी दोन सिम्युलेशन लवकरच वेगळ्या वाटांना लागतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले पीटर कव्हनी म्हणूनच सांगत आले आहेत की एकच लांबलचक सिम्युलेशन चालवण्यापेक्षा एकाच ठेवणीपासून वेगवेगळ्या वेगांनी अनेक चालवा आणि त्यांच्यातली तफावत पाहा. मला ते पटतं.

ही तफावत किती असू शकते? सॅम्पल-६ नावाच्या सामूहिक कसोटीत निरनिराळ्या गटांना तेच रेणू, तीच सुरुवात, तेच बलांचे नियम दिले होते. प्रथिन नव्हतंच, यजमान म्हणून लहान पोकळ रेणू होते, त्यातला एक भोपळ्याच्या आकाराचा, कुकर्बिटयुरिल कुळातला, आणि त्याच्या पोटात बसणारा पाहुणा क्विनाइन. कागदावर सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा वेगवेगळ्या सॉफ्टवेअर आणि रीतींच्या उत्तरांत ०.३ ते १ किलोकॅलरीपर्यंत फरक निघाला. हा फरक निसर्गाशी नव्हे, आपापसातला! बलांचे नियमच मुळात अपुरे असतील तर होणारी चूक त्याहून निराळी, आणि ती कितीही चित्रं घेतली तरी हटत नाही.

तरीही गाडी पुढे गेली आहे. २०१५ मध्ये आठ प्रथिनं आणि सुमारे २०० औषधरेणूंवर ही सापेक्ष गणितं एका रीतीने चालवली गेली आणि सरासरी चूक एका किलोकॅलरीच्या आसपास राहिली. हे जमलं ते मुळात व्हिडिओ गेमसाठी घडवलेल्या ग्राफिक्स चिपांमुळेही.

सध्या अडतं ते पाण्यापाशी. प्रथिनाच्या आतल्या कपारीत पाण्याचा एखादा रेणू अडकलेला असतो. औषधाचा आकार बदलला की त्याला निघून जावं लागतं, किंवा नव्या रेणूला आत यावं लागतं, आणि ही ये-जा सिम्युलेशनच्या अख्ख्या आयुष्यात एकदाही न होण्याची शक्यता असते. एका पाण्याच्या रेणूची गैरहजेरी एखाद-दोन किलोकॅलरी सहज खाऊन जाते. म्हणून आता सिम्युलेशन मधूनच थांबवून कपारीत शून्यातून पाण्याचा रेणू टाकून बघतात, किंवा असलेला उचलून बघतात. टाकलेला ठेवायचा की नाही याचा कौल संगणक देतो, पण त्यासाठी त्याला एक आकडा आधी हातात लागतो: बाहेरच्या मोकळ्या पाण्यात एक रेणू असण्याची मुक्त ऊर्जा, उणे ६.३ किलोकॅलरीच्या जवळपास. वापरत असलेल्या पाण्याच्या प्रतिकृतीसाठी तो आकडाही लॅम्डाची कळ फिरवत, पाण्याचा एक रेणू पाण्यातच हळूहळू हजर करत काढावा लागतो.